चार पात्यांचा पंखा

४ मार्च

धाकट्या,

काल तळ्यापलीकडच्या दवाखान्याच्या फेरीला सुट्टी होती. मी पेट्रोल आणायला गेले असताना तू शेडमध्ये येऊन बोटीचा पंखा काढून नेलास, म्हणून हे पत्र लिहावं लागतं आहे. फोन तू उचलत नाहीस. पत्र सिस्टरच्या हाती देते आहे. दवाखान्यातून सुटल्यावर ती तुझ्याच गल्लीत जाते, आणि दुसऱ्याची पत्रं उघडून वाचणाऱ्यांतली ती नाही.

काय झालं ते मीच लिहिते, म्हणजे मागाहून 'मला तसं म्हणायचं नव्हतं' असं सांगायची सोय राहणार नाही. आईने तुला शेडची किल्ली दिली. तू माझा चार पात्यांचा पंखा उतरवलास. बाबांचा तीन पात्यांचा स्टीलचा पंखा भिंतीवरच्या खिळ्यावरून काढून त्या जागी चढवलास, नट आवळलास, पिन वाकवलीस आणि जाताना माझ्या कामाच्या टेबलावर खडूने लिहून गेलास : बाबांची बोट, बाबांचा पंखा. अक्षर अजून शाळेतलंच आहे.

आईला विचारलं तर म्हणाली, "कुणी नाही आलं. वारा सुटला होता, दार उघडलं असेल."

"वाऱ्याला नट सोडवता येत नाही, आई."

"मग मला काय ठाऊक."

मोरीत दोन ताटं पडलेली होती. वारा जेवूनही गेला होता.

आता पंख्याचं. बाबांचा पंखा बाबांच्या बोटीला बरोबर होता. हे मी एकदा लिहिते आहे, पुन्हा लिहायला लावू नकोस. बाबांची बोट म्हणजे दोन लांब नळ्या, त्यांच्यावर फळ्यांचा ओटा, चार खुर्च्या आणि कापडी छत. ते हौशी लोकांना तळ्यावर फिरवून आणायचे. लोकांना वेग हवा असायचा आणि सतराच्या पिचने तो मिळायचा. बाबा गेल्यावर त्या बोटीवर काय काय चढलं ते तुला माहीत नाही, कारण बाबा गेल्यावर तू त्या बोटीवर चढलाच नाहीस. मध्ये तिसरी नळी बसवली. पुढे लोखंडी उतार केला, चाकाची खुर्ची धक्क्यावरून सरळ आत येते. दोन्ही बाजूंना बाकं, भोवती कठडा, दवाखान्याच्या ऑक्सिजनच्या नळकांड्यांसाठी पिंजरा. मशीन तेच राहिलं. वजन दुप्पट झालं.

पिच म्हणजे काय ते तुला सांगायला लागू नये, पण तू वागलास असा की सांगायलाच हवं. लाकडात स्क्रू घुसतो तसा पंखा एका फेऱ्यात पाण्यात किती पुढे घुसणार, तो हा आकडा. आकडा मोठा तर घास मोठा. हलक्या बोटीला मोठा घास पचतो. जड बोटीला तोच घास दिला की मशीनच्या घशात अडकतो. वेगाचा दांडा पूर्ण पुढे लोटला की ते मिनिटाला पाच ते सहा हजार फेऱ्यांच्या मध्ये चाललं पाहिजे, असं त्याच्या पुस्तकात छापलं आहे. भरल्या बोटीत बाबांचा पंखा लावला की फेऱ्यांचा काटा त्रेचाळीसशेच्या वर हलत नाही. मशीन कण्हतं आणि आतून झिजत जातं. माझा पंखा अकराचा आहे. घास लहान, पाती चार, त्यामुळे पाण्याची पकड सुटत नाही.

वीस तारखेला तपासनीस येणार आहे. बोट पूर्ण भरायची, वाऱ्यासमोर सरळ न्यायची, खांबांच्या मधून वळवायची, धक्क्याच्या आधी थांबवायची आणि उलटी मागे घेऊन दाखवायची. जमलं तर फेरीला पाच वर्षांचा परवाना. नाही जमलं तर फेरी बंद, आणि मग तुझा हॉटेलवाला आहेच. आपल्या बोटीला रंगीत दिवे लावून पार्ट्या द्यायला तो कधीचा टपून बसला आहे. अर्धी बोट तुझ्या नावावर आहे, तुझी सही त्याने घेतलीही असेल. माझी मिळणार नाही.

पंखा नेमका याच महिन्यात गेला. योगायोग म्हणशील. म्हण.

शनिवारपर्यंत तो जागेवर हवा. आणि एक ऐकून ठेव. पंखा नेलास, पण त्याच्या पुढचा जाड वॉशर टेबलावरच विसरलास. प्रत्येक पंख्याचा वॉशर वेगळा असतो आणि तो नसेल तर पंखा पुढे सरकून मशीनच्या धडाला घासतो, हे बाबांनी आपल्या दोघांना शेडच्या दारात उभं करून शिकवलं होतं. तेव्हा तू बगळ्याकडे बघत होतास. वॉशर माझ्या खिशात आहे. तिथेच राहील.

ताई


७ मार्च

धाकट्या,

तुझं उत्तर मिळालं. हॉटेलच्या जाहिरातीच्या पाठीमागे लिहिलंस, म्हणजे तुझी ऊठबस कुठे असते तेही कळलं. चारच ओळी आहेत, त्यामुळे उतरवून घेणं सोपं आहे. 'ताई, तू बोट चालवत नाहीस, फळा चालवतेस. तुझ्या पंख्याने बोट बदकासारखी जाते. आई म्हणाली, बाबांचा पंखा तू भंगारवाल्याला देणार आहेस. माझ्या डोळ्यांसमोर ते होणार नाही.'

फळ्याचं म्हणशील तर मी आयुष्यभर फळ्यावर भौतिकशास्त्र शिकवलं आणि त्याची मला लाज वाटत नाही. फळ्यावरची बोट बुडाली तर पुसून पुन्हा काढता येते. तळ्यावरची नाही, म्हणून आधी फळ्यावर काढायची असते. आणि बदकासारखी जाते हे अगदी खरं आहे. बुडालेलं बदक तू कधी पाहिलं आहेस का?

भंगाराचं मात्र मला काही कळलं नाही. तो पंखा भंगारात देईन असं मी कधी, कुणाला, रागाच्या भरातसुद्धा म्हटलेलं नाही. खिडकीशेजारी टांगलेला असायचा आणि मीच तो पुसायची. आईला विचारलं, "तू असं का सांगितलंस त्याला?"

"मला तसं वाटलं."

"कशावरून वाटलं?"

"आता नाही गं आठवत. या वयात सगळं आठवतं का?"

या वयात तिला शेजारणीने कधीकाळी नेलेली शिडी आठवते, तिच्या तुटलेल्या पायरीसकट.

हे सगळं जरा बाजूला ठेव. काल काय झालं ते वाच.

काल सकाळी धक्क्यावर अकरा माणसं उभी होती. दवाखान्याची वेळ होती आणि माझ्याकडे दुसरा पंखा नव्हता. निम्म्यांना थांबवून दोन फेऱ्या करायला हव्या होत्या. नाही केल्या. निर्णय माझा होता आणि मी तो दुसऱ्याच्या गळ्यात बांधत नाही. पण बोटीला काय लावलेलं होतं, ते तुझ्या हातचं होतं.

बाजारातल्या शिंप्याला तू ओळखतोस. त्याचे पाय आता चालत नाहीत, चाकाच्या खुर्चीवरून व्यायामासाठी पलीकडे जातो. तो नेहमीप्रमाणे पुढे, उताराजवळ बसला होता. त्याच्या मागे सिस्टर. निघाल्यापासून मशीन कण्हत होतं. शिंपी म्हणाला, "बाई, याला ताप आहे का? सिस्टर, जरा बघा."

"मी माणसं बघते," सिस्टर म्हणाली.

"मग तुमच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवू. ते कुणालाही बघतात."

सगळे हसले. पलीकडच्या धक्क्याआधी वळण घ्यावं लागतं, त्या वळणावर वारा आडवा आला. बोट एका अंगाला झुकली, पंख्याने पाण्याऐवजी हवा ओढली, मशीन एकदम किंचाळलं आणि ढकलणं थांबलं. मशीन जोरात ओरडतं आहे आणि बोट कुठेच जात नाही, ही अवस्था तू अनुभवलेली नसशील. हॉटेलची जी पार्टीची बोट तू चालवतोस, तिच्यात बसणारे लोक स्वतःच ओरडत असतात. वाऱ्याने आम्हाला आडवं दगडी बांधावर नेलं. मी दांडा मागे ओढून उलटं घ्यायला गेले, तर तीन पात्यांनी नुसता फेस काढला. कोपरा आपटला, कठडा आत वाकला. शिंप्याने खुर्ची धरायच्या ऐवजी शेजारच्या बाईचं पोर धरलं आणि त्याचा हात कठड्याच्या टोकावर फाटला. उजवा.

दवाखान्यात टाके घालताना तो म्हणाला, "डावा असता तर मी काही बोललो नसतो. कात्री उजव्याने धरतो."

पोराला ओरखडासुद्धा नाही. शिंप्याचं दुकान बंद आहे. ऐन लग्नाच्या दिवसांत.

मी बाबांना यात ओढत नाही. त्यांनी हा पंखा या बोटीसाठी घेतलाच नव्हता. ते असते तर त्यांनी आधी विचारलं असतं, भार किती आहे? तू विचारलंस, बाबांचा कुठला आहे?

बाबांचा पंखा मी काल दुपारीच उतरवला. पुसून खिळ्यावर टांगला आहे. भंगारवाल्याला दिलेला नाही, याची तुला कुणाकडूनही खात्री करून घेता येईल. फक्त आईकडून करून घेऊ नकोस.

शनिवारला दोन दिवस आहेत.

ताई


१३ मार्च

धाकट्या,

शनिवार गेला. पंखा आला नाही. यापुढे मी मागणार नाही. ज्याला दोनदा सांगून कळत नाही त्याला तिसऱ्यांदा सांगण्यात अर्थ नसतो, हे वर्गात शिकले.

गावातल्या पंखेवाल्याकडे गेले होते. म्हातारा झाला, पण जीभ अजून धारेची आहे. मला पाहिल्याबरोबर चकाकणारा स्टीलचा पंखा टेबलावर ठेवला. "हा न्या बाई. जन्मभर बघायला नको."

"पलीकडच्या धक्क्याला तळाशी दगड आहेत. दगड लागला तर?"

"स्टीलला काहीही होत नाही."

"पंख्याला होत नाही. मग कुणाला होतं?"

त्याने कान खाजवला. "गिअरला," म्हणाला.

"मग मला ॲल्युमिनियमचा दाखवा. तो वाकला तर मी तुमच्याकडे येईन. गिअर गेला तर मला नवीन मशीन शोधत फिरावं लागेल."

"तुमचे वडील असे नव्हते," तो म्हणाला. "ते दिलं ते न्यायचे."

"म्हणून तर तुम्हाला त्यांची आठवण येते."

तो मोठ्याने हसला आणि मग कामाचं बोलला. चार पात्यांचा अकराचा मागवला तर महिना लागेल. हाताशी तीन पात्यांचा तेराचा होता, तो उसना दिला. सोमवारी बोटीत पूर्ण भाराची वाळूची पोती भरून मी तो तपासला, एकदा वाऱ्याबरोबर, एकदा वाऱ्याविरुद्ध, म्हणजे वाऱ्याची मदत हिशोबात यायला नको. काटा पाच हजारांना जेमतेम टेकतो. वळणावर अजून थोडी हवा ओढतो, पण वळण मोठं घेतलं तर सांभाळता येतो. उलटं घेताना थांबायला वेळ लावतो. अकराचा चार पात्यांचा याच भाराला त्रेपन्नशेवर जायचा, आणि बोट रिकामी असली तरी अठ्ठावन्नशेवर थांबायचा, म्हणजे दोन्ही टोकं पुस्तकात बसायची. पंखा निवडायचा म्हणजे एवढंच असतं, धाकट्या. भरलेली असताना दमायला नको, रिकामी असताना उधळायला नको. वेग त्यानंतर उरेल तो घ्यायचा.

तपासणीला मी तेराचा लावून जाणार. काठावर पास झालेलाही पास असतो, असं मी पुष्कळ पोरांना सांगितलं आहे. मला स्वतःला त्याची सवय नाही, पण सवय करून घेईन. तुझ्यावाचून बोट अडली, असं मात्र होऊ देणार नाही.

काल हॉटेलचा मॅनेजर येऊन गेला. न विचारता बोटीवर चढला, पावलांनी लांबी मोजली आणि चाकाच्या खुर्चीच्या जागेवर उभा राहून म्हणाला, "काउंटर इथे छान बसेल."

"तिथे शिंपी बसतो," मी म्हटलं.

"मॅडम, भावाची सही झालेली आहे. तुमचीच राहिली आहे."

"राहू दे."

"वीस तारखेनंतर काय करणार आहात?"

"एकवीस तारखेची फेरी."

गेला. तेव्हा तुझी सही झाली आहे, हे मला परक्याकडून कळलं. ठीक आहे. अर्धी बोट तुझी आहे हे मी नाकारत नाही. फक्त कुठली अर्धी ते कळव, म्हणजे त्या बाजूला मी कुणाला बसवणार नाही. नाही तर अर्धा आठवडा येऊन फेरी चालव. मालकी सांगायची तर पहाटेच्या थंडीत दोर सोडायचीही सांग.

आता आईचं. हे लिहायचं माझ्या मनात नव्हतं, पण तिने लिहायला लावलं आहे आणि शेजारीच बसली आहे.

शनिवारी रात्री मी भांडी पुसत होते. ती म्हणाली, "तू त्याला पत्रं लिहितेस ना? मग लिही. भंगाराचं मी रचून सांगितलं."

मी फडकं खाली ठेवलं. "का?"

"बाबा गेल्यावर तो आला का एकदा तरी? माझ्या पंच्याहत्तरीला बोलावलं, नाही आला. मी पाय घसरून पडले तेव्हा फळांची टोपली पाठवली. पंखा भंगारात चालला म्हटल्यावर तासाभरात दारात. जेवला. भाजी दोनदा मागून घेतली."

"आई, शिंप्याचा हात फाटला."

तिने पुसलेलं ताट फळीवर ठेवलं. मग म्हणाली, "पंखा बदलला तर कुणाचा हात फाटतो, हे मला कसं कळणार? मला वाटलं, तुम्ही दोघं थोडे दिवस भांडाल. भांडायला तरी बोलावं लागतं."

मी फडकं उचलून उरलेली भांडी पुसली. 

दुसऱ्या दिवसापासून ती शिंप्याच्या दुकानात जाऊन बसते. तो तोंडाने सांगतो, ही काजबटणं आणि तुरपाई करते. शिंपी म्हणतो, "आजींना टाका बारीक हवा म्हटलं की मलाच ऐकवतात, तुझे टाके कुठे बारीक घातलेत." दुकान निम्मं उघडलं आहे.

तिचा निरोप असा : 'मी सांगितलं ते खोटं होतं. जेवायला ये म्हटलं ते खरं होतं.'

मी निरोप पोचवला. त्यावर माझं मत देत नाही.

ताई


२० मार्च, संध्याकाळ

धाकट्या,

आज सकाळी धक्क्यावर गेले तर दोर बांधायच्या खुंटाशी आईच्या जुन्या टॉवेलात गुंडाळलेला माझा पंखा ठेवलेला होता. चिठ्ठी नाही. तू जेवायला आला होतास त्या दिवशी आईने तुला हात पुसायला दिलेला, तोच टॉवेल.

तपासनीस यायला वेळ होता. उसना तेराचा उतरवला. माझा चढवण्याआधी खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिला, कारण दोन आठवडे तो कुठे होता हे मला ठाऊक नव्हतं. पाती सरळ होती. आतले दाते शाबूत होते. पण पुढच्या तोंडावर, जिथे वॉशर टेकतो त्याच्या भोवती, एक चकचकीत वर्तुळ उमटलेलं होतं. असं वर्तुळ नुसतं ठेवून उमटत नाही.

म्हणजे तू तो लावून पाहिलास. वाटणीत दोन मशीनं सारखी होती, एक तू नेलंस. त्याच मशीनला, हॉटेलच्या त्या पार्टीच्या बोटीवर, तुझ्या जुन्या पंख्याचा वॉशर घालून तू तो लावलास. तो वॉशर त्याला पुरा पडत नाही, पंखा पुढे सरकला आणि धडाला घासला. घासल्याचा आवाज लगेच येतो. कुणीही लगेच काढला असता. वर्तुळ मात्र लगेच काढलेल्या पंख्याचं नाही. चांगलं रुंद आहे. आवाज येत असतानाही तू चालवत राहिलास.

का, ते मी विचारत नाही. मला माहीत आहे. चाळीस माणसं घेऊन ती बोट पहिल्यांदा वळवल्यासारखी वळली असेल.

बदकासारखी गेली का?

वर्तुळ खोल नव्हतं, नखाला लागत नव्हतं. खिशातला वॉशर घातला, पंखा चढवला, हाताने फिरवला. कुठेही टेकला नाही. नट, पिन, झालं.

तपासनीस जाडजूड, घामाघूम झालेला माणूस होता आणि त्याला बोटीवर चढायचं नव्हतं, पण नियमाने चढावं लागलं. वाळूची पोती रचलेली होती. पोत्यांच्या मध्ये शिंपी हाताला पट्टी बांधून खुर्चीत बसलेला.

"हे कोण?"

"मी भारात आहे, साहेब," शिंपी म्हणाला. "दोन पोती कमी केली आहेत माझ्यापायी."

"तपासणीत प्रवासी नको."

"प्रवासी कुठे आहे? मला कुठेच जायचं नाही."

तपासनीसाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "खुर्चीची जागा खुर्चीसकट तपासायची आहे, असं तुमच्याच कागदावर लिहिलं आहे." त्याने कागद उलटून पाहिला. लिहिलं होतं.

वारा त्या दिवशीसारखाच आडवा होता. दांडा पूर्ण पुढे लोटला. काटा त्रेपन्नशेवर जाऊन स्थिर झाला, कण्हणं नाही, किंचाळणं नाही. खांबांच्या मधून वळताना बोट झुकली आणि पाण्याला धरून राहिली. धक्क्याच्या बऱ्याच आधी थांबली. मग उलटी घेतली. चार पाती उलट्या दिशेलाही पाणी धरतात, तीन पात्यांना ते त्या दिवशी जमलं नव्हतं. उलटी घेताना मागे बघावंच लागतं, म्हणून बांधावर उभी असलेली तुझी गाडी दिसली. काच खाली होती. तुझा हात दरवाजावर होता आणि बोटं दांडा धरल्यासारखी मागेपुढे होत होती. मी पुढे बघायला लागले.

पोती उतरवून त्याने रिकामी बोटही पळवून पाहिली. अठ्ठावन्नशे.

"हा पंखा कुणी निवडला?" त्याने लिहिता लिहिता विचारलं.

"मी."

"तसं नाही. कुठल्या मेकॅनिकने सांगितला?"

"सांगितला तोही मीच."

त्याने मान वर केली, मला पाहिलं आणि रकान्यात काय भरायचं ते बराच वेळ त्याला कळेना. शेवटी भरलं. परवाना पाच वर्षांचा मिळाला आहे. शेडच्या दारावर लावला आहे. टेबलावरचं तुझं खडूचं अक्षर पुसलं नाही, तसंच राहू दिलं आहे. रोज बघितलं की काम नीट होतं.

मी तुझे आभार मानणार नाही. माझी वस्तू मलाच परत केल्याबद्दल आभार मानायची पद्धत या घरात मी पाडणार नाही. बोट विकणार नाही. पुढच्या वर्षी विचारलंस तरी नाही.

पण बाबांचा पंखा तू घेऊन जा. त्याला माझ्या बोटीवर काम नाही, आणि नुसता टांगून ठेवायचा तर ज्याला तो बघायला हवा आहे त्याच्या भिंतीवर टांगलेला बरा. भिंतीवरच. मशीनला लावलास तर शिंप्याला तुझ्या बोटीवर बसवून पाठवेन.

रविवारी सकाळी धक्क्यावर ये. देणंघेणं लिहून करू. आपल्या घरात तोंडी सांगितलेल्या गोष्टींचं काय होतं ते आपण पाहिलं आहे.

ताई


२४ मार्च, धक्का

धाकट्याच्या ताब्यात दिलं :

बाबांचा तीन पात्यांचा स्टीलचा पंखा, पिच सतरा. एका पात्याच्या टोकाला जुना टवका आहे, तो बाबांच्या वेळचा. पुसलेला.

त्याचा वॉशर. पंख्यालाच तारेने बांधला आहे.

चार पात्यांच्या पंख्याचा नवा वॉशर, एक. पंखेवाल्याकडे अकराचा पंखा त्याच्यासाठी सांगून ठेवला आहे, महिन्याने येईल. आल्यावर तपासून लावायचा : भरलेल्या बोटीत आणि रिकाम्या, दोन्ही वेळा काटा बघून. माझ्या बोटीला अकरा लागला म्हणून त्याच्या बोटीला अकराच लागेल असं नाही. नाही लागला तर म्हातारा बदलून देईल, तसं बोलून ठेवलं आहे.

शेडची दुसरी किल्ली, जी आईकडे असायची. वापर मी शेडमध्ये असताना.

आई, आठ दिवसांसाठी, स्वतःच्या इच्छेने. गोळ्या निळ्या पिशवीत, चष्मा तिच्या डोक्यावर. शिंप्याची अर्धवट तुरपाई तिने सोबत घेतली आहे, ती पूर्ण करून आणायची. ती पंख्यांबद्दल काही सांगू लागली तर आधी मला विचारायचं.

माझ्या ताब्यात घेतलं :

हॉटेलचा विक्रीचा कागद, त्याच्या सहीचा, मूळ प्रत. न फाडता दिला. फाडायचं काम माझ्याकडे.

पुढे देणं ठरलं :

दर गुरुवारच्या दोन्ही फेऱ्या, जाणारी आणि येणारी. चालवणार धाकटा. शिंपी पुढे बसेल आणि पहिले काही गुरुवार मीही बसेन, मागे, काट्याजवळ. पंखा बदलायचा नाही.

देणार : ताई
घेणार : धाकटा
साक्षीदार : शिंपी, डाव्या हाताने